अनोळखी छपराखालीं

आमच्या हिंगोलीच्या पाण्याला अरबी समुद्र ठाऊक नाहीं. गांवाजवळून जाणारी कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरींत पडते, आणि गोदावरी आंध्रांतून जाऊन पूर्वसमुद्र गांठते. जिल्ह्यांतली दुसरी मोठी नदी पूर्णा, तीहि गोदावरीचीच. म्हणजे आमच्या अंगणांत पडलेला पावसाचा थेंब समुद्राला गेलाच, तर मुंबईकडे पाठ करून जातो. माणसांचेंहि फार निराळें नव्हतें. आमचीं माणसें वारीला पंढरपुरास गेलीं, कोर्टकचेरीसाठीं हैदराबादेस गेलीं, लेकीसुनांना पोंचविण्या-आणण्यासाठीं वऱ्हाडांत गेलीं; पण केवळ समुद्र पाहावयाचा म्हणून कोणी घर सोडल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नव्हतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या एवढ्या मोठ्या राज्याला स्वतःचें असें एकहि बंदर उरलेलें नव्हतें. राजालाच जेथें समुद्र पारखा, तेथें रयतेनें त्याची हौस कोठून धरावी?

तथापि गेल्या मार्गशीर्षांत मी आणि माझा एक बालमित्र असे दोघे मोटारीनें कोंकणांत उतरलों, आणि रेवदंड्यापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानें गेलों. त्या प्रवासाचें साग्र वर्णन करण्याचा माझा मानस नाहीं. माड, पोफळी, वाळू आणि सूर्यास्त यांविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि समुद्रापासून दूर वाढलेल्या माणसानें त्यांत भर घालावी अशी श्रोत्यांची अपेक्षाहि नसेल. मला सांगावयाचें आहे तें आम्ही रात्रीं कोठें निजलों आणि कोणाशेजारीं निजलों, एवढेंच.

माझ्या मित्राची सारी नोकरी सरकारी कोषागारांत झाली. पस्तीस वर्षें दुसऱ्यांचे आंकडे तपासण्यांत गेल्यामुळें, कोणतीहि गोष्ट खरी मानण्यापूर्वीं तिची पावती मागण्याची त्याला संवय आहे. पत्नी निवर्तल्यापासून तीन वर्षें त्यानें एकहि रात्र घराबाहेर काढली नव्हती. त्याचें नांव मी सांगत नाहीं, कारण तशी त्याची अट आहे; शिवाय हें भाषण तो ऐकत असणार, आणि त्यांत चूक निघाल्यास उद्यां सकाळीं मला भेटणार. निघावयास तो मुळींच राजी नव्हता. शेवटीं त्याच्या पुतण्यानें आम्हां दोघांनाहि न विचारतां टेलिफोनवरून रात्रीच्या जागा राखल्या, पैसे भरले, आणि भरलेले पैसे परत मिळत नाहींत असें चुलत्यास सांगितलें. ह्या शेवटच्या मुद्द्यावर माझा मित्र निघाला.

जागा कसल्या, तें मात्र पुतण्यानें सांगितलें नव्हतें. पाठीवर एक पिशवी टाकून देशोदेशीं फिरणाऱ्या तरुणांसाठीं अलीकडे जीं वसतिस्थानें निघालीं आहेत, त्यांना ‘बॅकपॅकर हॉस्टेल’ म्हणतात. तेथें खोली भाड्यानें घ्यावयाची नसते, खाट घ्यावयाची असते. आगगाडीच्या डब्यांतल्यासारख्या एकावर एक अशा खाटा, एका खोलींत सहा किंवा आठ. प्रत्येक खाटेला एक पडदा, एक लहानसा दिवा, आणि खालीं सामानासाठीं एक पेटी, जिचें कुलूप आपलें आपण आणावयाचें. न्हाणीघर सामाईक, स्वयंपाकघर सामाईक. भिंतीवर पाटी: रात्रीं दहानंतर मोठ्यानें बोलूं नये, आपलें भांडें आपण घांसून ठेवावें. भाडें साधारण बऱ्या लॉजच्या निम्म्याहून कमी. वरची खाट वांट्याला आली, तर साठी उलटलेल्या माणसानेंहि शिडीनेंच चढावयाचें.

पहिल्या रात्रीं, मुरूडजवळ, त्या खोलींत पाऊल टाकतांच मित्रानें खाटा मोजल्या, माणसें मोजलीं, आणि मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “अरे, आठ माणसें, त्यांतलीं सहा परकीं, आणि मध्यें एक कापडाचा पडदा! हरिसिंगहि दिसावयास असाच सभ्य होता.”

हा हरिसिंग कोण, तें सांगावयास हवें. कारण हिंगोलीबाहेर तो कोणास माहीत नाहीं, आणि हिंगोलींतहि आतां फार थोड्यांना.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंगोलीस निजामाच्या फौजेची, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमतीखालची, मोठी छावणी होती. त्या गांवांत हरिसिंग हा प्रतिष्ठित व्यापारी म्हणून नांदत होता. मेडोज टेलर हा इंग्रज लेखक त्या काळीं निजामाच्या नोकरींत होता, आणि त्याचा स्वतःचा हरिसिंगाशीं व्यवहार झालेला होता. एका ठगाच्या कबुलीजबाबावर रचलेली जी कादंबरी टेलरनें १८३९ सालीं प्रसिद्ध केली, तिच्या प्रस्तावनेंत ही हकीकत आहे. हिंगोलीपासून जवळच्या एका गांवचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे, हें हरिसिंगास ठाऊक होतें. त्यानें मुंबईहून कापड आणण्याचा परवाना सरकारी अधिकाऱ्याकडून रीतसर मागून घेतला. मग वाटेंत त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस आणि गुरें हांकणाऱ्यांस ठार केलें, माल त्या परवान्यावर हिंगोलीस आणला, आणि छावणींत उघडपणें विकला. पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच सांगितलें, म्हणून तें उघडकीस आलें. त्याच्या टोळीनें छावणीच्या ऐन बाजारांत, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत, माणसें मारलीं होतीं. पुढें तीं पुरलेलीं प्रेतें उकरलीं गेलीं, तेव्हां टेलर जातीनें हजर होता.

ठग हा दरोडेखोर नव्हे. तो वाटेंत भेटे, गोड बोले, सोबतीनें चाले, एकाच झाडाखालीं चूल मांडी, आणि सोबत्याचा विश्वास पुरता बसला म्हणजे रुमालाचा फांस टाकी. वाटेवरची मैत्री हेंच त्याचें हत्यार. वाटेंत परक्यानें पुढें केलेलें खाऊं नये, असें आमच्या आज्या बजावीत, त्यांत निव्वळ भित्रेपणा होता असें मी म्हणणार नाहीं. त्या रात्रीं माझ्या मित्रानें पैशांची पिशवी मनगटाला बांधून घेतली, तेव्हां मला हंसूं आलें नाहीं.

आतां, ह्या हॉस्टेलांना नाकें मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. परक्यांच्या रांगेंत निजणें ही पश्चिमेकडची रीत, असें त्यांचें म्हणणें. वस्तुतः पश्चिमेंत ही संस्था अगदीं अलीकडची आहे. रिचर्ड शिरमान नांवाचा जर्मन शाळामास्तर १९०९ सालीं मुलांना घेऊन पायीं सहलीस गेला असतां वादळांत सांपडला आणि त्या सर्वांनीं एका शाळेंत रात्र काढली. सुटींत रिकाम्या पडणाऱ्या शाळा पायीं फिरणाऱ्या मुलांना निजावयास कां देऊं नयेत, असा विचार तेथें त्याच्या मनांत आला. आणि १९१२ सालीं आल्टेना येथील जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें ‘यूथ हॉस्टेल’ उघडलें. आमच्या धर्मशाळा त्याच्या कितीतरी आधींच्या. अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत त्या आपल्या राज्याबाहेरच्या क्षेत्रींहि बांधल्या. आमच्या औंढा नागनाथास महाशिवरात्रीला येणारीं माणसें कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या पडवींत, ज्याला कधीं पाहिलें नाहीं अशाच्या शेजारीं पथारी टाकीत आलीं आहेत, आणि पहांटे एकमेकांचें नांवहि न विचारतां पांगलीं आहेत.

परंतु ह्या अभिमानाला दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें मला बरें वाटत नाहीं. धर्मशाळेचें छप्पर सर्वांसाठीं नव्हतें. आंत कोण निजेल आणि बाहेर कोण, तें दारांतच ठरे. तेथें पेट्यांना कुलुपें लागत नसत, याचें कौतुक आपण ऐकतों. पण विश्वास कोणावर ठेवावयाचा याची निवड तेथें जन्मानेंच उरकलेली असे, हें कौतुक करणारा सांगत नाहीं. खुद्द पंढरपुरांत, विठ्ठलाच्या दारीं, अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा नव्हती; म्हणून गाडगे महाराजांनीं तेथें चोखामेळ्याच्या नांवानें निराळी धर्मशाळा बांधली. १९४९ सालीं त्यांनीं ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठीं. धर्मशाळेचें हॉस्टेल व्हावें तें असें. आजच्या ह्या किनाऱ्यावरच्या हॉस्टेलांत दारांत ओळखपत्र विचारतात, जात विचारीत नाहींत. पैसा मात्र विचारतात. आणि ठराविक वयापुढच्या माणसास खाट न देणारींहि कांहीं आहेत. पुतण्यानें तेवढें आधीं पाहून घेतलें होतें.

किनाऱ्याचा रस्ता सरळ नाहीं. शाळेच्या पुस्तकांतून महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर लांबीचा म्हणून आम्हीं पाठ केला होता; गाडीनें जाणाऱ्याला तो लांबीपेक्षां तुकड्यांनीं कळतो. घाट उतरून आलेली प्रत्येक नदी एक खाडी आडवी घालते. रेवदंड्यास कुंडलिकेवर पूल आहे, आणि पलीकडच्या कोर्लई गांवांत, १७४० सालीं हा मुलूख सोडून गेलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेपासून झालेली बोली अजून घरांतून ऐकूं येते. पुढें मात्र आगरदांड्याहून दिघीस, बागमांडल्याहून सावित्रीपलीकडे वेश्वीस, दाभोळहून वाशिष्ठीपलीकडे धोपाव्यास, आणि तवसाळहून जयगडास, आम्ही मोटार फेरीबोटीवर चढवूनच गेलों. हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव पाहिला. बोलणें एवढें भराभर चालतें कीं आंकड्यांत जन्म घालविलेल्या माझ्या मित्रालाहि भाव कोठें थांबला तें कळलें नाहीं, आणि हें त्याला फार लागलें.

दाभोळच्या बोटीवर एका म्हाताऱ्या खलाशानें त्याचें समाधान केलें. भरती केव्हां, असें मित्रानें विचारलें, तेव्हां तो म्हणाला, तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा वाजतां पूर्ण भरती, द्वादशीला नऊ वाजतां. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशीरा उगवतो, म्हणून भरतीहि रोज तेवढी पुढें सरते. खलाशाच्या कोष्टकांत तीं पंचेचाळीस होतात, पण तोंडच्या हिशेबाला तेवढी सूट चालावयाचीच. मित्राला समुद्राविषयीं खरी आपुलकी वाटूं लागली ती ह्या घटकेपासून. तोंवरचे सूर्यास्त त्यानें केवळ सौजन्यानें पाहिले होते. ज्या वस्तूला कोष्टक आहे ती बेभरंवशाची नसते, असें त्याचें मत. आणि पुढें प्रत्येक मुक्कामीं तो वहींत भरतीची वेळ मांडून, हातांत घड्याळ घेऊन वाळूवर उभा राही. समुद्र बहुतेक वेळां पास झाला.

माणसांना मात्र कोष्टक नसतें. हॉस्टेलांच्या स्वयंपाकघरांत आम्हांला बंगळुरास संगणकावर काम करणारीं मुलें भेटलीं, सायकलवर निघालेला एक फ्रेंच भेटला, परीक्षा आटोपून आलेल्या पुण्याच्या विद्यार्थिनी भेटल्या. त्या सर्वांचा आम्हांला पहिला प्रश्न एकच: हिंगोली कोठें आली? परभणीपासून तिचा जिल्हा १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला, हें सांगून कोणाला उलगडा होईना. माझ्या मित्रानें वसमतच्या हळदीची पुडी बरोबर आणली होती. तेथल्या बाजाराचा, हळद शिजवून वाळवून तिला झिलई कशी देतात त्याचा पाढा तो वाची, आणि प्रत्येकाच्या भाजींत चिमूटभर टाकी. त्याला हें देणें जमे. घेणें जमत नसे. कोणी चहा पुढें केला कीं त्याला नुकताच झालेला असे.

गुहागरास आमच्या खोलींत पंजाबांतल्या गुरुदासपूर जिल्ह्याचा एक मुलगा होता. वय बावीस-तेवीस, मोटारसायकलवरून एकटा कन्याकुमारीपर्यंत निघालेला. हिंगोली त्यालाहि माहीत नव्हती. पण आमच्या गांवाजवळच कयाधूच्या कांठीं नरसी आहे, आणि परंपरा नामदेवांचा जन्म तेथलाच मानते, असें मीं म्हणतांच तो उठून उभा राहिला. नामदेव उत्तरेस गेल्यावर ज्या घुमान गांवीं राहिले, तें त्याच्या जिल्ह्यांतलें. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत नामदेवांचीं एकसष्ट पदें आहेत. तीं त्यानें लहानपणापासून कानांवर घेतलेलीं. २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन घुमानास भरलें होतें, तेव्हांची मराठी माणसांची गर्दीहि त्याला आठवत होती. मुंबई-पुण्याच्या मराठी मुलांना जें गांव नकाशावर दाखवावें लागलें, तें ह्या पंजाबी मुलाला घरच्यासारखें निघालें.

त्या रात्रीं जेवणानंतर आम्हीं त्याला तीर्थावळीची कथा सांगितली. नामदेवांच्या नांवावर असलेल्या त्या अभंगांत ज्ञानदेव पंढरपुरास येतात आणि आपण दोघे तीर्थयात्रेस जाऊं म्हणतात. नामदेव राजी नाहींत. विठ्ठलाला सोडून कसें जावें? अखेर देवच त्यांना ज्ञानदेवांच्या हवालीं करतो. वाटेंत, मारवाडाच्या वाळवंटांत, दोघांना तहान लागते आणि विहीर फार खोल असते. ज्ञानदेव योगबळानें आंत उतरून पाणी पिऊन येतात, आणि तुझ्यासाठींहि आणतों म्हणतात. नामदेव आपले विठ्ठलाला हांक मारीत बसतात, आणि विहीरच उसळून वाहूं लागते. भाविक ह्यांत भक्तीचा योगावर विजय पाहतात. मला त्यांतला प्रवास खरा वाटतो: एक जण चटकन् उपाय काढणारा, दुसरा आपल्या जागेवरून न हलणारा, आणि एवढें झाल्यावरहि दोघे पुढच्या मुक्कामाला बरोबरच गेले. माझ्या मित्राचें म्हणणें असें कीं, ज्ञानदेवांनीं आणलेलें पाणी नामदेवांनीं प्यावयास हरकत नव्हती. हें त्यानें म्हणावें, याचें मला नवल वाटलें.

रात्रीं दोनच्या सुमारास मी जागा झालों तों मित्राची खाट रिकामी. पंजाबी मुलाला थंडी वाजून सडकून ताप भरला होता आणि तो झोंपेंत आईला हांका मारीत होता. त्या हांका ऐकून माझा मित्र उठला होता. आपली पेटी उघडून त्यानें औषधांची पिशवी काढली, धाबळी काढली. सारें सामान जमिनीवर पसरलेलें होतें, आणि मनगटावरची पैशांची पिशवी सोडून, उघडीच, माझ्या उशाशीं टाकलेली होती, कारण मनगटाला ओझें असलें म्हणजे घड्या पिळतां येत नाहींत. मीठपाण्याच्या घड्या त्यानें पहांटेपर्यंत बदलल्या. फ्रेंच सायकलवाल्यानें भांडें भरून आणण्याचें काम घेतलें. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि तिची गरजहि पडली नाहीं. मधून मधून मित्र मुलाशीं मराठींत बोलत होता. आजाऱ्याशीं कसें बोलावें तें त्याला ठाऊक होतें. त्याच्या पत्नीचें दुखणें लांबलें होतें.

सकाळीं हॉस्टेलच्या व्यवस्थापकानें डॉक्टरास आणलें. काळजीचें कारण नव्हतें, पण दोन दिवस हलूं नये असें त्यांनीं सांगितलें. आम्हांला त्या दिवशीं तवसाळची बोट गांठावयाची होती. मी सामान बांधावयास घेतलें, तेव्हां मित्रानें हिशेबाची वही पुढें केली. तींत आणखी दोन दिवसांचें खाटांचें भाडें त्यानें आधींच मांडून ठेविलें होतें. पुढच्या मुक्कामाचे भरलेले पैसे बुडाले, तेंहि निराळ्या रकान्यांत होतें.

तिसऱ्या दिवशीं निरोप घेतांना मुलानें पिशवींतून एक डबा काढला. पंजाबांत हिंवाळ्यांत गव्हाच्या पिठाचे, तुपाचे लाडू करतात, त्यांना पिन्नी म्हणतात; आईनें वाटेसाठीं दिलेल्यांतल्या दोनच उरल्या होत्या. माझ्या मित्रानें एक घेतली आणि तेथेंच उभ्या उभ्या खाल्ली.

त्यापुढचा किनारा आम्हीं घाईनेंच उरकला. जयगड, गणपतीपुळें, देवगड, मालवण. चांगलीं स्थळें आहेत, पण त्यांना वेळ दिला असें म्हणवत नाहीं. शेवटचा मुक्काम शिरोड्याजवळ झाला. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते, आणि १९३० सालीं तेथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, एवढें आम्हीं शाळेंत शिकलेलों. बाजारांतून मित्रानें पिशवीभर मीठ घेतलें. हिंगोलीस मीठ मिळत नाहीं काय, असें मीं विचारलें, तो म्हणाला, “मिळतें. पण कोठलें, तें पावतीवर नसतें.”

त्या दिवशीं चतुर्दशी होती, म्हणजे साडेदहाला भरती. हॉस्टेलच्या खोलींत समुद्राकडची खिडकी उंचावर होती. म्हणून त्यानें वरची खाट मागून घेतली, आणि शिडीनें चढून, वही उशाशीं ठेवून तो पडून राहिला. खालीं तीन परकीं मुलें पत्ते खेळत होतीं. भरती आली तेव्हां तो गाढ झोंपला होता. वहींत वेळ मींच मांडली: दहा चाळीस.